कटिंगबाईचा एक टक्का

शनिवारी दुपारी कटिंगबाईने कापडाच्या बारा थरांवर खडूची रेघ ओढली, तळहाताने थर दाबून पाहिले, कातर उचलली आणि तेवढ्यात फोन वाजला. एरवी कातर हातात असताना ती फोन घेत नसे. दाराशी आगीचा बंब आला तरी बाई आधी बाहीचा मुंढा कापून होऊ देतील, मग दार उघडतील, असं तिच्या शिवणवर्गातल्या मुली म्हणायच्या. पण त्या दिवशी तिच्या पदविकेच्या प्रकल्पाचा निकाल यायचा होता. तिने कातर खाली ठेवली.

निरोप अभ्यासकेंद्राचा होता. तात्पुरता निकाल. सामायिक दस्तऐवजातील आपला सहभाग : एक टक्का. किमान आवश्यक सहभाग : दहा टक्के. शेरा : निष्क्रिय सदस्य, अनुत्तीर्ण. अंतिम नोंद रविवारी संध्याकाळी सहा वाजता.

तिने चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं. एकच टक्का. दुधात पाणी घालणारासुद्धा याहून जास्त दूध घालतो.

"बाई, काय झालं?" एका मुलीने विचारलं.

"काही नाही. मी काही केलंच नाही म्हणे."

ती काय करते हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी ती तिथे कापडाचे तागे उचलायला लागली होती. तेव्हाच्या शिक्षिकेचा हात कापायला लागला, म्हणजे थरथरायला लागला, आणि एक दिवस तिने हिच्या हाती कातर दिली. ती आजतागायत हिच्याच हाती. वर्ग हीच घ्यायची, परीक्षेला मुली हीच बसवायची, पण हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'मदतनीस' असंच लिहिलेलं. त्याचंही तिला काही वाटत नव्हतं. मग नियम आला की पदविका नसेल त्याला वर्ग घेता येणार नाही.

"तुमचा हात सोन्याचा आहे हो," वर्गाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "पण कागद नाही ना."

"हाताला कागद लागतो?"

"आता लागतो."

या सत्राअखेर कागद आला नाही तर वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे जाणार होता. ती दुसरी एकदा बघायला येऊनही गेली होती. चांगली, हसतमुख, प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरलेली. बोलता बोलता तिने टेबलावरची कापडाची कातर उचलली आणि त्याच कातरीने कागद कापला. शिवणाऱ्या माणसाला यातलं पाप सांगावं लागत नाही. कागदाने कातरीची धार मरते. कटिंगबाईने घरी जाऊन रागाच्या भरात तीन पातेली घासली, त्यातली दोन स्वच्छच होती.

म्हणून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिने घरबसल्या पदविकेला नाव घातलं होतं. दोन वर्षं झाली. सगळे पेपर सुटले. राहिला होता हा गटप्रकल्प. गटात चौघं, चार गावांतली, एकमेकांना कधीही प्रत्यक्ष न पाहिलेली. सगळ्यांनी एकाच ऑनलाइन दस्तऐवजात मिळून लिहायचं, एकाने लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसणार, अशी सोय.

गटप्रमुख होता एका कपड्यांच्या दुकानात हिशेब बघणारा तरुण. तो प्रत्येक वाक्याची सुरुवात 'बेसिकली' अशी करायचा. दुसरी एक मुलगी होती, तिला मथळ्यांना रंग देण्याची फार हौस. तिसरी कुठल्याशा शाळेत लिपिक. ती स्वतः काही लिहायची नाही, पण दुसऱ्याने लिहिलेल्यात स्वल्पविराम टाकायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची. कटिंगबाईच्या मुलीने, जी यंदा अकरावीला होती, त्या दोघींची नावंच ठेवली होती. एक रंगारीण, दुसरी स्वल्पविराम.

विषय कटिंगबाईचा. तिच्या रस्त्यावरच एक रुग्णालय होतं. तिथल्या सफाईच्या बायकांचे अंगरखे नेहमी बगलेत फाटलेले असायचे. वर्षानुवर्षं त्या फाटकं शिवत होत्या आणि कंत्राटदार म्हणायचा, बायका धसमुसळ्या आहेत. कटिंगबाईने एकदा एकीला उभं करून पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. माप घेताना बाईला हात खाली सोडून उभं करतात, आणि काम मात्र हात वर करून करायला लावतात. खिडक्या पुसायच्या, पडदे काढायचे, सलाइनचे खांब हलवायचे. मग अंगरखा फाटेल नाही तर काय होईल? तिने एकोणीस बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची दोनदा, हात खाली आणि हात वर. बगलेत उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचा चौकोनी तुकडा बसवला. तीन अंगरखे शिवून रुग्णालयात दोन महिने वापरायला दिले. एकही फाटला नाही.

हे सगळं तिने वहीत लिहिलं. शंभर पानी वही, त्यातली सत्तर पानं भरलेली, खाडाखोड, बाण, कापडाचे नमुने टाचणीने टोचलेले. तिची रीतच तशी होती. कच्चं वहीत, पक्कं एकदाच. चार वेळा मोजायचं आणि एकदाच कापायचं. कापताना थांबलात की कडेला दात पडतात. वहीतलं नीट झाल्यावर तिने मुलीच्या संगणकावर पहाटे उठून अकरा पानं टाइप केली, आपल्याच एका वेगळ्या फाइलमध्ये. दोन बोटांनी, तीन आठवडे. मग एका रविवारी ते सगळं उचललं आणि सामायिक दस्तऐवजात नेऊन ठेवलं. चार मिनिटं लागली. एकही चूक नव्हती. कापलेला मुंढा बाहीला पहिल्या झटक्यात बसावा, तसा आनंद तिला झाला होता.

आणि त्या चार मिनिटांचाच हा एक टक्का. बाकीच्या तिघांनी त्या अकरा पानांत येऊन जाऊन महिनाभर जे काही केलं, त्याचे नव्व्याण्णव.

तिने गटप्रमुखाला फोन लावला.

"काकू, बेसिकली तो आकडा सिस्टिम काढते," तो म्हणाला. "कोण किती वेळ आत होतं, किती वेळा बदल केले, ते मोजते ती. तुम्ही बेसिकली एकदाच आलात."

"अरे, पण एकदा आले ते अकरा पानं घेऊन आले ना? तू काय घेऊन आलास?"

"मी मथळा केला ना काकू. चारदा बदलला."

"आणि केंद्रातल्या सरांना सांगितलंस का, की आतलं कुणी लिहिलंय ते?"

"त्यांनी विचारलंच नाही," तो म्हणाला.

यावर तिच्या तोंडात जे आलं ते तिने गिळलं, कारण समोर बारा मुली कान टवकारून बसल्या होत्या.

तिने वही पिशवीत घातली, एक अंगरखा घडी घालून वर ठेवला, आणि तासाभराची बस पकडून अभ्यासकेंद्र गाठलं. एका शाळेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. समन्वयक सर शनिवारचे घरी निघण्याच्या बेतात होते. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, तेही घड्याळाकडे बघत.

"सर, ही वही बघा. तारखा आहेत प्रत्येक पानावर."

"बाई, वही आपल्याला जोडता येत नाही. वही सिस्टिममध्ये नाही."

"बरं, मग दस्तऐवज उघडून वाचा. त्यातलं काहीही विचारा मला. आणि तेच त्या तिघांना विचारा."

"माझ्याकडे एकशे चाळीस गट आहेत," सर म्हणाले. "मी प्रत्येकाचं वाचत बसू?"

तिला आधी वाटलं, सर गंमत करतायत. मग कळलं की नाही. या माणसाने तिची अकरा पानं उघडलीही नव्हती. तिच्या नापास होण्याला कुणी वाचक नव्हताच. वाचून कुणी 'हे टाकाऊ आहे' म्हणालं असतं, तर ती भांडली असती, नाही तर मान खाली घालून नीट केलं असतं. पण इथे भांडायचं कुणाशी?

सरांना तिची दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी तुम्हाला मार्ग सांगतो. उद्या सहापर्यंत दस्तऐवज उघडा आहे. दोन-चार तास आत बसा. एखादा शब्द काढा, पुन्हा टाका. इकडचं तिकडे करा. वाढतो आकडा. सगळे तेच करतात."

"म्हणजे खोटं काम करू?"

"खोटं कसं? सहभाग म्हणा."

तिने वही पिशवीत घातली. जाताना दार इतकं हळू लावलं की सरांना ते आपटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर तिने मुलीला सगळं सांगितलं. मुलगी जमिनीवर पालथी पडून, हनुवटीखाली उशी घेऊन ऐकत होती. तिला धक्का वगैरे काही बसला नाही.

"आई, तू पण ना! हे तर सगळ्यांना माहितीये. आमच्या गटात मी पण तेच करते."

"काय करतेस?"

"फाइल उघडून ठेवते आणि मधे मधे स्पेस मारते. एक स्पेस टाकायची, एक काढायची. मागच्या वेळी अडतीस टक्के आले माझे. बाईंनी शाबासकीसुद्धा दिली."

"आणि लिहिलं कुणी?"

"कुणीतरी लिहितं ना गं," मुलगी म्हणाली. "एक असते प्रत्येक गटात, खुळ्यासारखी लिहिणारी."

बोलून झाल्यावर आपण कुणासमोर काय बोललो ते तिला कळलं. ती उठून बसली. "तसं नाही म्हणायचं मला, आई."

कटिंगबाईने तिच्यावर हात कधी उचलला नव्हता आणि आजही उचलला नाही. पण दिवसभराच्या रागाला आता कुठे तळ सापडला. तिला वाटत होतं तिचा वर्ग चाललाय. इथे पोर चालली होती, तिच्याच घरात, तिच्याच संगणकावर, शाबासकी घेत घेत. पोरीला चोरी करायची कुणी शिकवण दिली नव्हती. तिला फक्त मोजून दाखवलं होतं, की बाई, यालाच गुण आहेत.

"उद्या सकाळी आठला संगणक मला लागेल," एवढंच ती म्हणाली.

रविवारी आठ वाजता ती अंघोळ करून टेबलाशी बसली. शेजारी वही. नवरा तिच्या चेहऱ्याकडे बघून चहाचा कप ठेवून निघून गेला. शहाणा माणूस.

तिने दस्तऐवज उघडला. मथळे जांभळे, उपमथळे हिरवे. एका ओळीत एक स्वल्पविराम होता, तो तिने काढला आणि पुन्हा टाकला. आणखी एकदा काढला. बोट थांबलं. कापून झालेल्या, शिवून झालेल्या कपड्याभोवती नुसती कातर वाजवत बसायचं, बघणाऱ्याला वाटावं शिंपीण कामात आहे! तिला स्वतःचीच शिसारी आली.

"बाजूला बस आणि बघ," तिने मुलीला सांगितलं.

मग तिने पहिल्या पानापासून अकराव्या पानापर्यंत आपलं होतं ते निवडलं, एक एक भाग करून, मथळे सोडून, आणि पुसलं. न थांबता. कडेला दात पडू दिले नाहीत. शेवटी पडद्यावर राहिले सात रंगीत मथळे आणि त्यांच्याखाली पांढरं मैदान.

"आई!" मुलगी किंचाळली. मग तिने सहभागाचं पान उघडलं आणि हसत सुटली. "आई, अगं, एकवरून नऊ झाले! पुसल्याचे आठ टक्के दिले तुला!"

"बघितलंस? लिहिलं तेव्हा एक. मोडलं तेव्हा नऊ."

दहा मिनिटांत फोन वाजला. "काकू! डॉक्युमेंट उडालं! बेसिकली सगळं गेलं!"

"गेलं नाही. मी काढलं. माझं होतं ते घेतलं, तुमचं होतं ते ठेवलंय. बघ सगळं नीट आहे ना? रंगबिंग?"

"काकू, असं नका करू ना. मला सोमवारी हे दाखवून दुकानात बढती घ्यायचीये. मी जुनी प्रत परत आणू शकतो, एका बटणावर आहे."

"आण की. म्हणजे नोंद तुझ्या नावावर पडेल. माझी अकरा पानं तू लिहिलीस असं पक्कं होईल. तेवढंच राहिलंय, तेही कर."

त्याने प्रत आणली नाही. थोड्या वेळाने रंगारीण आणि स्वल्पविराम दोघीही दस्तऐवजात आल्या. पडद्यावर वर त्यांच्या नावांची अक्षरं दिसत होती, तीन गावांतून तिघं, दारात उभी राहिल्यासारखी. कुणी काही हलवेना.

कटिंगबाईने वहीचं पहिलं पान उघडलं आणि टाइप करायला घेतलं.

"पेस्ट कर ना गं, फाइल आहे तुझ्याकडे," मुलगी म्हणाली.

"एकदा केलं. तेच पाप फेडतेय."

आता तिची बोटं जरा सरावली होती. एकोणीस बायका एकेक करून पुन्हा पानावर आल्या. चौथी, जिचा उजवा खांदा बादल्या उचलून खाली गेला होता. अकरावी, जी हात वर केला की फाटकं दिसू नये म्हणून कोपर अंगाशी धरूनच काच पुसायची. राग होता म्हणून की काय, वाक्यं पहिल्याहून आखूड आणि सरळ उतरली. नंतर नंतर तिला आकड्याचा विसर पडला. पाठ दुखायला लागली तेव्हा अडीच वाजले होते. सात पानं.

तेवढ्यात बाजूच्या गप्पांच्या चौकटीत ओळ उमटली. स्वल्पविरामची.

'काकू, एक विचारू? तो बगलेतला तुकडा उरेबच का? उभ्या धाग्याचा का नाही?'

कटिंगबाई त्या ओळीकडे बघत राहिली. महिनाभरात कुणी पहिल्यांदा काही विचारलं होतं. ती खुर्चीवरून उठली, पाणी प्यायली आणि मग उत्तर लिहिलं : 'उरेब ताणला जातो, उभा धागा फाटतो. तुझ्या ओढणीचं टोक तिरकं ओढून बघ.'

दोन मिनिटं गेली. 'बघितलं. खरंच की.' मग आणखी एक ओळ. 'मी आधी वाचलंच नव्हतं. सॉरी.'

सॉरीला तिने उत्तर दिलं नाही. सॉरी म्हणायला चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

चार वाजता गटप्रमुखाचा फोन आला. आवाजातली हवा गेली होती. तिचे आता ब्याऐंशी झाले होते. तो सातवर, रंगारीण सहावर, स्वल्पविराम पाचवर. तिघंही दहाच्या खाली.

"काकू, आता आम्ही नापास होतोय."

"दोन तास आहेत ना? आत बसा. एखादा शब्द काढा, पुन्हा टाका. वाढतो आकडा. सर म्हणाले मला तसं."

बाजूला मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती, पुढे काय होतंय ते बघायला. ती बघतेय हे कटिंगबाईला माहीत होतं. तिच्या मनात आलं, सोडावं यांना असंच. सहा वाजेपर्यंत मारू देत स्पेस. मग पोरीचे ते अडतीस टक्के तिला आठवले.

"ऐक," ती म्हणाली. "मापांचं कोष्टक मी मुद्दाम भरायचं ठेवलंय. एकोणीस बायका, प्रत्येकीची सोळा मापं. वही माझ्यापाशी आहे. मी फोनवर सांगते, तुम्ही तिघांनी भरायचं. तू पहिल्या सहा, रंगारीणने पुढच्या सहा, उरलेल्या सात तिसरीने. आणि प्रत्येकीचं भरून झालं की मला वाचून दाखवायचं."

"रंगारीण कोण, काकू?"

"ते राहू दे. लिही. पहिली बाई. छाती छत्तीस. हात खाली, मुंढा साडेसोळा. हात वर..."

"सव्वासतरा?"

"तू अंदाज करू नकोस. माप आहे ते."

पावणेसहाला कोष्टक पुरं झालं. स्वल्पविरामला तेराव्या बाईच्या मापात चूक सापडली, खरी चूक, वहीतलीच. हात वर करून छाती कमी भरत होती. कटिंगबाईने वही उजेडात धरली, सातचा एक लिहिला गेला होता, तिने तो दुरुस्त केला आणि 'बरं पकडलंस' म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे एकच गोड वाक्य. सहा वाजता दस्तऐवज बंद झाला तेव्हा ती चौसष्टवर होती, बाकीचे तिघं दहा ते चौदाच्या मधे.

सोमवारी सरांचा निरोप आला. सहभागात लक्षणीय वाढ. अभिनंदन. असाच उत्साह कायम ठेवावा. तिने तो शिवणवर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुली हसल्या, ती नाही हसली. मग तिने केंद्राच्या वरच्या कार्यालयाला हाताने दोन पानी पत्र लिहिलं, की गुण देणाऱ्याने निदान एकदा वाचावं. उत्तर आलं नाही. तिने आणखी एक लिहिलं.

कागद आला. हजेरीपटावर 'मदतनीस' खोडून 'शिक्षिका' झालं, आणि नव्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाई एक छापील तक्ता घेऊन वर्गात आल्या. नव्या मशिनींना मिनिटं मोजायची सोय होती. कुठली मुलगी रोज किती मिनिटं मशीन चालवते, ते भरायचं होतं.

"हिचं शून्य कसं?" मोठ्या बाईंनी खिडकीजवळच्या मुलीकडे बोट दाखवलं. ती मुलगी टेबलावर पसरलेल्या कापडापुढे खडू धरून नुसतीच उभी होती. "अर्धा तास झाला, बघतेय मी. काहीच करत नाहीये ही."

कटिंगबाईने तक्ता हातात घेतला, घडी केली, आणखी एक घडी केली, आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

"आवाज नका करू," ती म्हणाली. "मोजतेय ती."